परमुलखातील कारागीर

(अभ्यासपाठ. वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम ३१:१-५, प्रेषितांची कृत्ये ९:४३ व १८:१-३.)

प्रेषित ज्या ज्या घरी उतरले त्या घरांकडे आपण लक्ष दिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येईल. यापो येथे पेत्राने मुक्काम केला, तो शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्या गृहस्थाकडे. करिंथ येथे पौलाला आसरा मिळाला, तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्या तंबू करणाऱ्या नवरा-बायकोच्या घरी. अक्विल्ला जन्माने पंत प्रांतातला. तेथून तो इटलीत जाऊन राहिला, आणि क्लौद्य बादशहाने यहूदी लोकांस रोम शहर सोडण्याचा हुकूम केला तेव्हा तो बायकोसह करिंथास आला. दोनदा गाव सुटले, परंतु हातातला धंदा सुटला नाही. त्या धंद्यानेच त्याची व पौलाची गाठ घातली.

तेव्हा परमुलखातील कारागीर हा शास्त्राला परका नाही. निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलाविषयी तर निर्गमाच्या पुस्तकात असे सांगितले आहे की, धातू, रत्ने व लाकूड ह्यांच्या कारागिरीसाठी देवाने त्यास आपल्या आत्म्याने भरले. उपदेश करणाऱ्यास जसे हे दान लागते, तसेच ते लाकूड कोरणाऱ्यासही मिळते, हे त्या अध्यायावरून उघड आहे.

ह्या आठवडी आम्ही अशाच एका कारागिराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. जोडे करणाऱ्यांच्या एका गावी आलेला तो एक परका, काळ्या वर्णाचा तरुण होता. जोड्याच्या एका लहानशा कामास त्याने आपले आयुष्य वाहिले, आणि ते काम सिद्धीस नेऊन तो ३६ वर्षांचा असतानाच मरण पावला. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांनी कातड्याचे काम केले आणि त्यापायी गावकुसाबाहेरचे जिणे सोसले. बंगालमधील श्रीरामपूरचे केरीसाहेब, ज्यांनी सन १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले, तेही विलायतेत असताना जोडे शिवीत असत. म्हणून हे चरित्र आम्हांस परक्याचे वाटू नये.

१. जन्म व बालपण

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाचा देश आहे. तो सन १९७५ मध्ये स्वतंत्र झाला; त्यापूर्वी तेथे डच लोकांचे राज्य होते. आफ्रिकेतून पकडून आणिलेल्या लोकांकडून तेथील उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून काम करवून घेत असत. ही गुलामगिरी कायद्याने १ जुलै १८६३ रोजी बंद झाली. पुढे मळ्यांस मजूर हवे म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांचे पहिले जहाज सन १८७३ मध्ये तेथे लागले, आणि त्यांचे वंशज आजही त्या देशात राहतात.

ह्या देशाचे मुख्य शहर पारामारिबो येथे १५ सप्टेंबर १८५२ रोजी यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर ह्याचा जन्म झाला. बाप डच जातीचा इंजिनियर असून सरकारी यंत्रशाळेवर त्याची देखरेख असे. आई आफ्रिकी वंशाची होती. मुलाचा वर्ण आईचा, आणि यंत्रांची आवड बापाची. वयाच्या दहाव्या वर्षी तो यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. चाक, दांडा व दाते एकमेकांस कसे फिरवितात, आणि बिघडलेले यंत्र कोठे अडते, हे त्याने लहानपणीच डोळ्यांनी पाहिले व हातांनी शिकून घेतले. जी विद्या पुढे त्याच्या उपयोगी पडली, तिचा पाया असा दहाव्या वर्षी घातला गेला.

२. परमुलखात

एकोणीस वर्षांचा झाल्यावर यान एका व्यापारी जहाजावर नोकरीस राहिला. सुमारे दोन वर्षे समुद्रावर काढून तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फिलाडेल्फिया शहरी उतरला. त्या देशात गुलामगिरी सन १८६५ मध्ये बंद झाली होती खरी. परंतु कायद्याने जे एका दिवसात होते, ते लोकांच्या मनात एका दिवसात होत नाही. काळ्या माणसास चांगल्या धंद्यात शिरकाव मिळणे कठीण होते. त्यातून यानाची बोली डच. इंग्रजी त्यास फारसे येत नव्हते. हातात हुन्नर असूनही तो सांगावयास त्याच्याजवळ शब्द नव्हते. मिळेल ते काम करून त्याने दिवस काढले, आणि त्याच काळात जोडे करण्याच्या धंद्याशी त्याची ओळख झाली.

सन १८७७ मध्ये तो मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लिन ह्या गावी आला. बॉस्टन शहरापासून सुमारे दहा मैलांवर समुद्रकाठी वसलेले हे गाव बायकांच्या बुटांसाठी सगळ्या देशात प्रसिद्ध होते. एका कारखान्यात तळ शिवण्याच्या यंत्रावर त्यास काम मिळाले. दिवसाचे दहा तास तेथे काम करून तो रात्रीच्या शाळेत इंग्रजी शिकू लागला. मजुरीतून जे उरे त्यातून तो यंत्रशास्त्राची जुनी पुस्तके व नकाशे काढण्याची हत्यारे विकत घेई. फावल्या वेळात चित्रे काढण्याचाही त्यास नाद होता. पुढे त्याच्या कामी ह्या गोष्टी कशा आल्या, ते वाचकांस लवकरच दिसेल.

३. जोडा कसा होतो

बूट करण्याची कृती ज्यांस ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ती येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. नाहीतर यानाने काय साधले हे समजणार नाही.

बुटाचे मुख्य भाग दोन : खालचा तळ, आणि पायावर येणारे वरचे कातडे. वरचे कातडे कापून व शिवून घेतले म्हणजे ते ढिल्या पिशवीसारखे असते. त्यास पायाचा आकार नसतो. तो आकार यावा म्हणून लाकडाचा एक पाय करितात. त्यास कोणी फर्मा म्हणतात, कोणी कलबूत म्हणतात. आतला पातळ तळ कलबुताच्या खालच्या अंगास लावावयाचा, वरचे कातडे कलबुतावर चढवावयाचे, पकडीने ते चोहोकडून खाली ओढावयाचे, आणि चुका ठोकून आतल्या तळाशी घट्ट बसवावयाचे. टाचेशी व चवड्याच्या टोकाशी कातडे गोल वळते. तेथे ते जास्त होते, आणि त्याच्या बारीक बारीक चुण्या सारख्या वाटून घ्याव्या लागतात. एखादी चुणी जाड झाली तर बूट पायास चावतो. ओढ कमी पडली तर तो पोकळ राहतो, जास्त झाली तर कातडे फाटते. कोठे किती ओढावे हे डोळ्यांपेक्षा बोटांस अधिक कळते. आमच्या वहाणेत पायाचा वरचा भाग बहुतेक उघडाच असल्यामुळे हे काम तिच्यात फारसे येत नाही. परंतु बुटाचा सगळा घाट ह्याच कामावर अवलंबून असतो.

यान लिन येथे आला तेव्हा जोड्याची इतर कामे यंत्रांनी घेतली होती. इलायस हाऊ ह्याने शिवणयंत्राचे पेटंट सन १८४६ मध्ये घेतले. तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट लायमन ब्लेक ह्याने सन १८५८ मध्ये घेतले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्यास सरकारने ठराविक मुदतीपर्यंत दिलेला हक्क होय. परंतु कातडे कलबुतावर चढविण्याचे काम मात्र हातानेच होत असे. चांगला कारागीर दहा तासांत सुमारे ५० जोड चढवी, आणि तेवढेच जोड कारखान्यातून बाहेर पडत. शिवून तयार झालेल्या कातड्यांचे ढीग त्याच्यासमोर पडून राहत. ह्या कारागिरांस मजुरी चांगली मिळे, त्यांचा संघही बळकट होता. हे काम माणसाच्या बोटांचे आहे, ते कोणतेही यंत्र करू शकणार नाही, असे ते अभिमानाने सांगत. आणि मोठमोठ्या यंत्रकारांचे प्रयत्न फसल्यामुळे लोकांसही ते खरे वाटे.

४. खटपट

यान आपल्या यंत्रावर बसून ह्या कारागिरांच्या हातांकडे पाहू लागला. पकड कशी धरितात, ओढताना मनगट कोणत्या बाजूस वळते, टोकाशी आल्यावर अंगठा काय करितो, हे सर्व त्याने मनात साठविले. रात्री खोलीवर गेल्यावर तो ते कागदावर उतरवी. चित्रे काढण्याचा नाद आता उपयोगी पडला. पुस्तकांतून कळेना ते तो हातांकडे पाहून शिके, आणि हातांकडे पाहून कळेना ते पुस्तकांत शोधी.

सन १८८० च्या सुमारास त्याने पहिला नमुना तयार केला. तो लाकडाचे तुकडे, तार व चिरुटांच्या जुन्या पेट्या ह्यांचा होता. त्याने जोडा होत नसे. कल्पना बरोबर आहे एवढेच तो दाखवी. कोणी त्यास त्याबद्दल ५० डॉलर देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. मग मोडीत निघालेले लोखंड जमवून त्याने दुसरा नमुना करावयास घेतला. त्यातील चवड्याशी कातडे वळविणाऱ्या भागाबद्दल त्यास १,५०० डॉलर देऊ करण्यात आले. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही, अशा मजुरास ही रक्कम केवढी मोठी होती ह्याचा वाचकांनी विचार करावा. तेही त्याने नाकारले. पैसे वाचावे म्हणून तो मक्याच्या पिठाची पेज खाऊन राही असे सांगतात. सोबतचे लोक त्यास हसत. ज्या कामात नामांकित यंत्रकार हरले, ते हा परदेशी मजूर करणार काय, असे ते विचारीत.

अखेर पैशावाचून पुढे जाता येईना. तेव्हा लिन येथील दोन गृहस्थांनी भांडवल पुरविले, आणि त्याबद्दल त्याच्या शोधाच्या तीन हिश्शांपैकी दोन हिस्से त्यांनी घेतले. यानाने ते कबूल केले. हाती एकच हिस्सा राहिला, पण यंत्र पुरे होण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्याने पेटंटसाठी वॉशिंग्टनच्या कचेरीत नकाशे व वर्णन पाठविले. ते इतके गुंतागुंतीचे होते की, हे यंत्र चालेल असे तेथील अधिकाऱ्यांस वाटेना. तेव्हा एक अधिकारी स्वतः लिन येथे आला, आणि यंत्र चालताना त्याने डोळ्यांनी पाहिले. २० मार्च १८८३ रोजी २,७४,२०७ ह्या क्रमांकाचे पेटंट यानास मिळाले.

तरीही तो थांबला नाही. कागदावर हक्क मिळाला म्हणजे जोडा तयार झाला असे नव्हे. आणखी दोन वर्षे त्याने यंत्रात सुधारणा केल्या. २९ मे १८८५ रोजी कारखान्यात यंत्राची परीक्षा झाली, आणि त्या यंत्राने बायकांच्या बुटांचे ७५ जोड एकही न बिघडविता कलबुतावर चढविले. यंत्र कलबूत धरून ठेवी, पकडीने कातडे ओढी, टाचेशी व चवड्याशी चुण्या घाली, चूक ठोकी, आणि जोडा पुढे सरकवी. पुढे ह्या यंत्रावर दिवसास १५० पासून ७०० पर्यंत जोड होऊ लागले. त्यामुळे बुटांची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली असे सांगतात. गरिबाच्या मुलास थंडीपावसात बूट मिळणे जे दुर्मिळ होते, ते शक्य झाले.

५. मंडळीची दारे

आता आम्ही ह्या चरित्राच्या अशा भागाकडे येतो, की जो सांगताना ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांची मान खाली जावी.

लिन येथे आल्यावर यान उपासनेस जाण्यासाठी मंडळी शोधू लागला. गावात देवळे पुष्कळ होती. एका मंडळीकडे तो गेला. वर्णामुळे त्यास सामील करून घेतले नाही. दुसरीकडे गेला, तेथेही तसेच झाले. एकामागून एक दारे बंद झाली. त्या देवळांत बसणाऱ्या लोकांनीही पेत्राला यापो येथे झालेल्या दर्शनावरील उपदेश ऐकला असेल. देव ज्यास शुद्ध ठरवितो त्यास माणसाने अशुद्ध म्हणू नये, हा त्या दर्शनाचा अर्थ. तो कातडी कमावणाऱ्याच्या घराच्या धाब्यावर प्रगट झाला होता. अर्थ ठाऊक असून दार उघडले नाही.

शेवटी नॉर्थ काँग्रिगेशनल मंडळीतील तरुणांनी त्यास आपल्यांत घेतले. हा पंथ आमच्या वाचकांस अनोळखी नाही. ज्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी सन १८१३ मध्ये मुंबईत मराठी लोकांमध्ये काम सुरू केले, ते बोर्ड सन १८१० मध्ये ह्याच पंथाच्या लोकांनी ह्याच मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापिले. लिनच्या ह्या मंडळीत यान तरुणांच्या सभांस जाऊ लागला, शब्बाथशाळेत शिकवू लागला, मुलांस व मित्रांस चित्रे काढण्यास शिकवू लागला. जो कारखान्यात एकटा होता, त्यास येथे भाऊबहिणी मिळाल्या.

ह्या तरुणांनी फार मोठे काही केले काय? त्यांनी त्यास पैसे दिले नाहीत, यंत्र करण्यास मदत केली नाही. त्यांनी बाकावर सरकून त्यास जागा दिली. पण ती इतरांनी दिली नव्हती.

६. यंत्र व हातकामगार

एक गोष्ट झाकून ठेविली तर हे चरित्र खरे होणार नाही. यानाच्या यंत्राने ज्यांचे हात नकोसे झाले, ते कलबुतावर काम करणारे कारागीरही गरिबांचीच मुले होती. त्यांनी अनेक वर्षे खपून ही कला मिळविली होती; तिच्या बळावर ते मालकाशी ताठ मानेने बोलत. यंत्र आल्यावर ते बळ ओसरू लागले. कित्येकांनी रागाने त्या यंत्रास यानाच्या वर्णावरून एक अपमानकारक नाव दिले. ते आम्ही येथे छापीत नाही. इचलकरंजी व मालेगाव येथे हातमागाच्या जागी यंत्रमाग आलेले ज्यांच्या घरांनी पाहिले, त्यांस ह्या कारागिरांचे दुःख सांगावयास नको.

मग यानाने चूक केली काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या कामाने हजारोंच्या पायांचे रक्षण होते, ते काम सोपे करणे हे पाप नव्हे. परंतु यंत्राचा नफा कोणाकडे जावा, आणि ज्याचे काम गेले त्याच्या मुलाबाळांस कोणी पाहावे, हे प्रश्न एकट्या कारागिराने सोडवावयाचे नसतात. ते सर्व समाजाने सोडवावयाचे असतात. लिन येथे तो नफा बहुतेक भांडवलवाल्यांकडे गेला. यंत्रासाठी निघालेली कंपनी सन १८९९ मध्ये इतर कंपन्यांशी मिळून एक प्रचंड संस्था बनली, आणि तिने फार संपत्ती मिळविली. ती संपत्ती ना यानाच्या हाती आली, ना त्या हातकामगारांच्या. उपदेशकांनी मंडळीत हा विषय बोलताना यंत्रास केवळ आशीर्वाद म्हणू नये, केवळ शापही म्हणू नये. शेजाऱ्याची काळजी कोणी वाहिली, हे विचारावे.

७. शेवट व देणगी

आपला हक्क कंपनीस दिल्याबद्दल यानास तिचे काही शेअर मिळाले होते. आता सुखाचे दिवस येतील असे वाटले. परंतु अपुरे अन्न, अपुरी झोप व थंडी ह्यांनी शरीर खंगले होते. सन १८८६ मध्ये त्यास सर्दीचा आजार झाला, आणि पुढे तो क्षयावर गेला. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. अंथरुणावर पडूनही तो चित्रे काढी व यंत्राच्या सुधारणांचा विचार करी. चुका एकेक वेगळ्या करून पुढे सारणाऱ्या रचनांची पेटंटे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावे निघाली. २४ ऑगस्ट १८८९ रोजी लिन येथे तो मरण पावला. त्याने लग्न केले नव्हते. सदतिसावे वर्ष पुरे होण्यास तीन आठवडे उरले होते.

मृत्युपत्रात त्याने आपल्या जवळच्या माणसांची आठवण ठेविली, आणि आपल्या शेअरांपैकी मोठा भाग त्याने नॉर्थ काँग्रिगेशनल मंडळीस दिला. त्या मंडळीने ते जपून ठेविले. पुढे ती कर्जात सापडली, तेव्हा सन १९०४ मध्ये ह्याच शेअरांच्या पैशांनी तिचे कर्ज फिटले. ज्यास कोणी बसू देत नव्हते, त्याच्या हातच्या कमाईने देऊळ गहाणातून सुटले.

सन १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्याच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबर रोजी, त्याच्या चित्राचे तिकीट काढले. पण त्याच्या हयातीत त्याचे नाव कारखान्याबाहेर फारच थोड्यांस ठाऊक होते.

८. बोध

पहिला बोध तरुणांसाठी. यानाने पुष्कळ कामे केली नाहीत. एक काम केले, आणि ते शेवटास नेले. ५० डॉलर देऊ केले तेव्हा ते अर्धे होते. १,५०० डॉलर देऊ केले तेव्हाही ते अर्धेच होते. अर्धे काम विकून तो मोकळा झाला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. आमच्यांतील पुष्कळ मुले शिवणकाम, सुतारकाम, मोटारदुरुस्ती शिकावयास जातात, आणि दोन पैसे हाती पडू लागले की शिकणे सोडतात. हात बसण्याआधी हात काढू नये. ज्या कामावर आपण आहो, त्याच्या शेजारी चाललेल्या कामाकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. यानाची नेमणूक कलबुतावर नव्हती. ते काम त्याने केवळ पाहून जाणले.

दुसरा बोध उपदेशक व शिक्षक ह्यांच्यासाठी. आपण पुष्कळदा असे बोलतो की जणू देवाची सेवा देवळातच होते, आणि कातडे, लाकूड व लोखंड ह्यांत केवळ पोट भरणे होते. बसालेलाचा अध्याय ह्यास विरुद्ध साक्ष देतो. मंडळीतील जो मनुष्य दर आठवडी उठून साक्ष देत नाही, पण ज्याने बसविलेले दार वीस वर्षे कुरकुरत नाही, त्याचेही नाव घेऊन आभार मानावे. वाडवडिलांनी कातड्याचे काम केले हे सांगण्यास जी मुले लाजतात, त्यांस यानाची गोष्ट सांगावी.

तिसरा बोध सर्व मंडळीसाठी, आणि तो सर्वांत कठीण आहे. बीड जिल्ह्यातून व आसपासच्या भागांतून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात. त्यांत आमचेही लोक असतात. अशी एखादी नवरा-बायको रविवारी, अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे घेऊन, परक्या गावच्या देवळाच्या दाराशी येऊन उभी राहतात. त्यांस आत कोण बोलावितो? ते कोठे बसतात? उपासना झाल्यावर त्यांची विचारपूस होते, की पूर्वीची जात विचारली जाते? लिनच्या त्या इतर मंडळ्यांस आम्ही नावे ठेविली. पण आमच्या बाकांवरही जुन्या वाड्यांच्या अदृश्य रेघा आहेत काय, हे प्रत्येक मंडळीने आपल्यापुरते तपासावे.

येथे एक सावधगिरी हवी. परक्यास आत घेतले तर तो पुढे धन देऊन जाईल, असा ह्या गोष्टीचा अर्थ कोणी करू नये. नॉर्थ मंडळीच्या तरुणांनी यानास बाकावर जागा दिली तेव्हा तो फाटक्या कपड्यांतला मजूर होता, आणि त्याच्या खोलीत चिरुटांच्या पेट्यांचा एक विचित्र डोलारा उभा होता. त्याचे पुढे काय होईल हे त्यांस ठाऊक नव्हते. यंत्र कधी चाललेच नसते, तरी त्यांचे करणे योग्यच ठरले असते.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. अक्विल्ला व प्रिस्किल्ला आणि पौल ह्यांची ओळख कशावरून झाली? आपल्या गावात धंद्यामुळे ओळख झालेली, पण मंडळीत न आलेली माणसे कोण आहेत?

२. यानाने ५० डॉलर व पुढे १,५०० डॉलर का नाकारले असतील? आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते?

३. यंत्रामुळे ज्यांचे काम गेले, त्यांच्यासाठी लिनच्या मंडळ्यांस काय करता आले असते? आपल्या गावात असे कोणाचे काम गेले आहे काय?

४. गेल्या वर्षभरात आपल्या उपासनेस आलेल्या परक्या माणसांची नावे सांगता येतील काय? त्यांपैकी कितीजण पुन्हा आले?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही, तर येत्या रविवारी देवळाच्या दाराशी एका भावाने व एका बहिणीने उभे राहावे, आणि येणाऱ्यास त्याचे नाव व गाव विचारून आपल्या शेजारी बसवावे. ह्या पाठाचा अभ्यास तेथून सुरू होईल.